कंसातला माणूस

प्रॉम्प्टरला नाटक समोरून कधीच दिसत नाही. विंगेत तिरकं बसायचं, मांडीवर पुस्तक, हातात बॅटरी, आणि समोर नटांच्या पाठी नाहीतर एक बाजू. प्रेक्षक कशाला हसले हे हशावरून कळतं, कशाला गप्प झाले हे खुर्च्यांची करकर थांबल्यावरून. त्यामुळे नाटकातली माणसं ओळखण्याची माझी वाट पुस्तकातून गेली, आणि पुस्तकातही जे कुणी वाचत नाही त्या कंसांमधून.

नोकरी दौंडला रेल्वेच्या तिकीट खिडकीवर, गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या अंगाला. दोन्हीकडे हौशी नाटकवाली मंडळी आहेत. कुणी रांजणगावच्या कंपनीत, कुणी कुरकुंभला, कुणी झेडपीच्या शाळेत, कुणी बाजार समितीत. ड्यूटी बदलून घेऊन चौफुल्यावरून एसटीनं इकडून तिकडे जायचं आणि रात्री तालमीला बसायचं, हे माझं दुसरं काम. पगार नाही, पण काम म्हणायला हरकत नसावी. चुकलं तर बोलणी खावी लागतातच.

आमच्या उमेदीच्या काळात मंडळाकडे नाटकाचं पुस्तक एकच असे. त्यावरून प्रत्येक नटाला त्याची नक्कल उतरवून द्यायची: आधीच्या माणसाच्या वाक्याचं शेपूट आणि पुढे याचं वाक्य. हे उतरवायचं काम प्रॉम्प्टरच्याच गळ्यात. हात दुखायला लागला की पहिली कात्री कंसावर चाले. ‘उठून खिडकीशी जातो’ गेलं, ‘कपाटाची किल्ली शोधतो’ गेलं, ‘उत्तर न देता चहा ओततो’ हेही गेलं. मग स्टेजवर काय व्हायचं? दोन माणसं प्रेक्षकांकडे तोंड करून आळीपाळीनं बोलायची. पुढे झेरॉक्स आली. प्रत्येकाला अख्खं नाटक मिळू लागलं, पण पिवळ्या पेनानं जो तो आपलीच वाक्यं रंगवी आणि कंस तसेच पांढरे राहत.

प्रॉम्प्टरला मात्र कंस वाचावाच लागतो, आणि त्याचं कारण साधं, व्यवहारातलं आहे. नट मध्येच थांबला की दोन शक्यता असतात: एक तर तो वाक्य विसरला, नाहीतर पात्रालाच तिथे बोलायचं नाही. पहिल्या वेळी शब्द टाकला नाही तर नट बुडतो, दुसऱ्या वेळी टाकला तर पात्र बुडतं. म्हणून पुस्तकात जिथे विराम असेल तिथे मी लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारतो, आणि दम किती धरायचा हे तालमीत ठरलं की शेजारी लिहून ठेवतो. विजय तेंडुलकरांचं नाटक घेतलं की लाल पेन्सिल लवकर संपते. त्यांचा माणूस जे बोलतो त्यात तो बहुधा स्वतःला झाकत असतो. बोलणं थांबवून तो काय करतो, तिथे तो उघडा पडतो.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’नं केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, बेणारेबाई सुलभा देशपांडे. आमच्या भागातल्या मंडळींना ते सोपं वाटतं, कारण गोष्ट आमचीच आहे: एक हौशी संच प्रयोगासाठी गावातल्या हॉलवर येतो आणि वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला उभा करतो. बॅगा, थर्मास, कोण आलं नाही याची चौकशी, सगळं आमच्या घरचं. पण त्या नाटकाची पहिली दोन मिनिटं बघा. सामंत हा गावातला साधा माणूस हॉल उघडून देतो. बेणारेबाई आत येतात त्या बोटाचं टोक तोंडात धरून. दाराच्या कडीत बोट सापडलंय. सामंत विचारतो, लागलं का? त्या हसण्यावारी नेतात.

आम्ही हे नाटक बसवलं तेव्हा नेपथ्य करणाऱ्या सुतारानं विचारलं, दार नुसतं रंगवून देऊ की खरं करू? कडी खरी लावली तर चौकट मजबूत करावी लागेल, खर्च वाढेल. दिग्दर्शकाचं म्हणणं, पाचव्या रांगेपलीकडे कुणाला कडी दिसणार आहे? आमच्या बेणारेबाई शाळेत शिक्षिका. त्या हटून बसल्या. म्हणाल्या, “मला खोटं बोट चोखता येणार नाही. कडी लोखंडाची हवी.” शेवटी शिरूरच्या जुन्या बाजारातून एक अडसरासारखी कडी आणली. ती लागताना जो आवाज होई, त्यानं माझी विंगसुद्धा हादरे.

त्या एका कंसात दोन माणसं पुरी सांगून झाली आहेत, हे मला तालमी पाहता पाहता कळत गेलं. भराभरा बोलणारी, सगळ्यांच्या नकला करणारी, मी कुणाला भीत नाही असं वागणारी बाई, आणि लागल्यावर मात्र लहान मुलासारखं बोट तोंडात. पुढे येणाऱ्या सगळ्या शहाण्यासुरत्या मंडळींत तिला काय होतंय हे विचारणारा सामंत एकटाच असणार, हेही तिथेच ठरून गेलेलं. आणि ती कडी पुढे कामाला येते. खटला अंगावर आल्यावर बाई निघून जायला बघतात तेव्हा दार उघडत नाही. तेंडुलकरांनी त्या पहिल्या कंसात ‘भेदरलेल्या स्वरात’ असं काही लिहिलं असतं तर नटीनं आवाज थोडा कापरा केला असता आणि विषय संपला असता. त्यांनी तिला एक दुखरं बोट दिलं.

न्यायाधीश झालेल्या काशीकरांना कान कोरायची सवय. आमचा काशीकर कांद्याचा व्यापारी, आवाज भरदार, त्यामुळे तो न्यायाधीश म्हणून फार न्यायाधीशी करायचा. कान कोरणं त्याला हलकं वाटे. प्रेक्षक हसतील, म्हणे. एका रात्री दिग्दर्शकानं त्याला सांगितलं, बाईंच्या चारित्र्याबद्दल साक्ष चालू असताना तू फक्त कान कोर, मन लावून, दुसरं काही करू नकोस. त्यानं केलं. तालमीला बसलेली, एरवी खिदळणारी पोरं गप्प झाली. दुसऱ्याची अब्रू निघत असताना ज्याला एवढी निवांत तंद्री लागते, तो माणूस काय आहे हे सांगायला संवाद लागत नाही. व्यापाऱ्यालाही ते लागलं. चहा पिताना म्हणाला, “अडतीवर बसल्यावर समोरचा शेतकरी रडत असला तरी आपण दात कोरतच असतो की.” त्यानंतर त्यानं आवाज चढवणं सोडलं.

तिसऱ्या अंकात तर जुन्या पद्धतीनं बेणारेबाईंची नक्कल काढली असती तर शेवटचं स्वगत वगळता हाताला जवळजवळ काही लागलं नसतं. सगळे त्यांच्याबद्दल बोलतात, आणि त्या नाहीत. बाईंची तक्रार होती की एवढा वेळ मी करू काय? कुणी म्हणे रुमाल पिळा, कुणी म्हणे पदराशी चाळा करा. त्यांनी काहीच केलं नाही. त्या टेबलाच्या एका कडेकडे बघत राहिल्या. नंतर सांगत होत्या की मीटिंगमध्ये आपल्यादेखत आपल्याबद्दल बोलणं निघालं की बाई माणूस हजेरीपटाची कड बघतं. वर बघितलं तर उद्धट आणि खाली बघितलं तर गुन्हेगार. त्या अंकात त्यांच्यासाठी मला पुस्तक लागत नव्हतं, पण लक्ष सगळ्यात जास्त तिथेच द्यावं लागे.

दौंडमध्ये नाटकाचा विषय निघाला की डॉ. जब्बार पटेलांचं नाव येतंच. बाहेरच्यांना ते ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ चित्रपटांचे दिग्दर्शक म्हणून ठाऊक, दौंडकरांना आधी लहान मुलांचे डॉक्टर म्हणून. इथे दवाखाना चालवत त्यांनी पुण्यात नाटकं बसवली. त्यांनी बसवलेल्या, तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याला भरत नाट्य मंदिरात झाला. आमच्यातले जुने लोक अजून अभिमानानं सांगतात की मुलाला खोकला झाला म्हणून ज्यांच्याकडे गेलो, त्यांनीच नाना फडणवीस नाचवला. माझ्यासारख्याला त्या नाटकातलं कौतुक वेगळ्या कारणानं. आपल्याकडे रंगसूचना बहुधा एकेका पात्राला असतात. इथे रांगेत उभ्या राहणाऱ्या ब्राह्मणांच्या समुदायाला सूचना आहेत: ही रांग कधी भिंत होते, कधी पडदा, कधी देवळातली गर्दी. ज्या क्षणी पाहायला हवं नेमकं तेव्हा ही माणसं पाठ फिरवून उभी राहतात. कुणा एकाचं नाव नाही, फारसे संवाद नाहीत, तरी अख्ख्या पेठेचा स्वभाव त्या पाठींवर वाचता येतो.

आणि बावनखणीतला, कलावंतिणींच्या वस्तीतला, तो प्रसंग. गुलाबीच्या नाचात रंगलेल्या नानांचा पाय दुखावतो आणि घाशीराम तो पाय हातांवर झेलतो. नाना खूश होऊन गळ्यातला हार त्याला देतात, आणि तोच हार गुलाबीची माणसं त्याच्याकडून हिसकावून घेतात. पाय, हार आणि रिकामे हात. पुढे मुलगी देऊन कोतवाली घेण्याचा जो व्यवहार होतो, त्याची इसारत इथेच झाली. कुठल्या घाशीरामानं इथे किती वाकायचं यावर आमच्याकडे तासन्‌तास वाद झालेत. गुडघा जमिनीला लागला तर तो लाचार, नाही लागला तर तो संधीसाधू. मला दुसरा बरोबर वाटतो. लाचार माणूस एवढ्या चपळाईनं पाय झेलत नाही.

आता या कंसपुराणाला आमच्याच भागातून एक चोख उत्तर आहे, ते तमाशाचं. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे तमाशाचं गाव. तिथले बशीर मोमीन कवठेकर यांनी फडांसाठी गाणी आणि वग लिहिले. दौंड तालुक्यात चौफुल्याला संगीतबारीची कलाकेंद्रं. वगाच्या वहीत गाणी पक्की असतात, कथेचा सांगाडा असतो, आणि बाकीचं सरदारानं आणि सोंगाड्यानं उभ्यानं रचायचं. कंस नावाला नाही. आमच्या एका नाटकात फडातून निवृत्त झालेला म्हातारा सोंगाड्या काम करत होता. मी रंगसूचना वाचून दाखवू लागलो की तो वैतागे. “मास्तर, ह्ये लिवायला लागतंय म्हंजे लेखकाला त्यो माणूस दिसलाच न्हाई. मी आलो कसा, बूड टेकलं कसं, त्यावरनंच लोकान्ला कळतंय पाटील हाय का पाटलाचा नोकर.” आणि खरंच, पाटलाच्या वाड्यात बसताना तो आधी हातानं जमीन झटकी, मग उकिडवा बसे, आणि पाटलाची नजर वळली की टाचा हळूच टेकवी. असं कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही.

त्याचं अर्धं मला पटतं. ‘संतापून’, ‘खजील होऊन’, ‘उपरोधानं’ असले कंस हे लेखकाच्या धास्तीचे कंस असतात. आपलं वाक्य पुरेसं संतापलेलं नाही हे त्याला आतून ठाऊक असतं. पण सोंगाड्या स्वतःच स्वतःचा लेखक होता. त्यानं झटकलेली जमीन त्याच्याबरोबर गेली. त्याच्या मुलानं तेच काम केलं तेव्हा तो सरळ मांडी घालून बसला. तेंडुलकरांची कडी मात्र आमच्या सुतारापर्यंत येऊन पोचली.

निळू फुले हा या दोन्ही काठांवरचा नट. सेवादलाच्या कलापथकातून, ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारख्या वगातून आलेला, आणि १९७२ सालच्या, तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’मध्ये सखाराम झालेला. त्या नाटकात सखारामच्या घरात राहणारी लक्ष्मी मुंगळ्याशी बोलते. घरात कुणी नाही असं समजून ती त्याला खाऊ घालते, लाडानं रागावते, आणि बाहेर उभा असलेला सखाराम ते ऐकतो. इतकी धाकात असलेली बाई इतकं मोकळं बोलू शकते हे सखारामाला आणि आपल्याला एकाच वेळी कळतं. यातला मुंगळा स्टेजवर दिसणार नाही हे लेखकाला माहीत होतंच. तो फक्त कंसात आणि बाईच्या नजरेत.

कंसांचा हा उद्योग नवा नाही. कालिदासाच्या शकुंतलेचा पहिला अंक संपतो तेव्हा तिच्या जाण्याला एक सूचना जोडलेली आहे: राजाकडे बघत, काहीतरी निमित्त काढून रेंगाळत ती मैत्रिणींबरोबर जाते. पायात दर्भ रुतला, वल्कल फांदीला अडकलं ही तिची निमित्तं. तोंडानं ती प्रेमाचा शब्दही काढत नाही. आमच्या संगीत नाटकांनी मात्र ‘स्वगत’ आणि ‘पडद्यात’ एवढ्यावर बराच काळ भागवलं, कारण तिथे मन उघड करायला पद होतं. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’नं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, स्टेजवर घरातल्यासारखी खोली उभी राहिली, आणि खुर्ची आली म्हणजे तिच्यावर कोण कसं बसतं हेही आलं. एवढा इतिहास मला पुरतो. तालमीत त्याचा उपयोग नट उशिरा आले तर वेळ काढायला होतो.

खरी गंमत ‘वाडा चिरेबंदी’नं केली. महेश एलकुंचवारांचं हे १९८५ साली रंगमंचावर आलेलं नाटक विदर्भातल्या एका पडत्या वाड्याचं, भाषा वऱ्हाडी. आमच्या लोकांना ती जिभेवर बसेना. पण अंगणात पडून असलेला बंद ट्रॅक्टर वाचल्यावर सगळे जागे झाले. येणाराजाणारा त्याला ठेचकाळतो, शिव्या घालतो, आणि तरी तो कुणी हलवत नाही. न्हावऱ्याकडच्या एका शेतकऱ्यानं लगेच विचारलं, “हप्ते फिटलेत का त्याचे?” म्हटलं, लेखकानं ते महत्त्वाचं मानलेलं नाही. तो म्हणाला, “मग थोरल्यानं घेतला आसंल, आन्‌ काढायचं नाव बी त्योच काढीना. इकला तर गावाला कळतं.” दिग्दर्शक दोन दिवस थोरल्या भास्करच्या स्वभावाचं विश्लेषण करत होता, ते या माणसानं दोन वाक्यांत उरकलं. आम्ही भंगारवाल्याकडून एक बॉनेट आणि एक मागचं चाक आणलं. भास्कर झालेल्या नटाला कुणी सांगितलं नव्हतं, पण तो त्या चाकाला कधीच ठेचकाळला नाही. येताजाता बरोबर वळसा घाली. बाकी सगळे अडखळत. घरच्या कर्त्या माणसाला आपल्या अपयशाची जागा अंधारातही पाठ असते, हे त्याच्या पायांनी शोधून काढलं. पुस्तकात नव्हतं, मी माझ्या प्रतीत लिहून ठेवलं.

त्याच नाटकात भास्करची बायको, वहिनी, रात्री घराण्याचे दागिने अंगावर चढवून बघते. आमच्या वहिनींनी तालमीत खोटे दागिने भराभर घातले. मग त्यांच्या सासूबाईंनी, त्या सोबत म्हणून आलेल्या, मागून सांगितलं, “अगं, सोनं असं घालतात व्हय? आधी तळहातावर वजन घे.” त्यानंतर तो प्रवेश दुप्पट लांबला आणि कुणीही खोकलं नाही. दिवसभर रांधणं-वाढणं एवढीच जिची ओळख, ती बाई दागिना तोलते त्या वेळी तिच्यात मालकीण उभी राहते. एलकुंचवारांनी जागा करून दिली, वजन सासूबाईंनी दिलं.

कंसाला सत्तासुद्धा घाबरते, याची एक गोष्ट नाटकवाल्यांत नेहमी सांगितली जाते. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी ‘गिधाडे’ बसवलं. भाऊ बहिणीच्या पोटावर लाथा घालतात आणि ती साडीवर लाल डाग घेऊन धावत जाते. सेन्सॉरनं संवादांबरोबर या डागालाही हरकत घेतली. मग डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं जाई की निळा दिसेल तो कृपया लाल समजावा. पुस्तकातला एक रंग बदलला तर माणूस किती क्रूर होता हे लपेल, असं कुणाला तरी वाटलं होतं.

हल्ली माझ्याकडे तरुण मुलं एकांकिका वाचायला आणून देतात. पुण्याला ‘पुरुषोत्तम’ करंडक स्पर्धेत करायचं स्वप्न असतं, नाहीतर गणपतीत तरी. त्यांच्या कंसांत भावना ओसंडत असतात: डोळ्यांत पाणी तरळतं, चेहऱ्यावर अपराधीपणाची छटा उमटते, पात्र भूतकाळात हरवतं. छटा कुठल्या विंगेतून उमटवायची, असं मी विचारतो. मग पेन्सिल घेऊन भावनेचे कंस काढून टाकतो आणि हातापायांचे ठेवतो. बऱ्याच वेळा ठेवायला काही उरत नाही. मुलं नाराज होतात. काही परत येत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात रांजणगावच्या कंपनीत कंत्राटी काम करणाऱ्या एका मुलानं बाप-लेकाची एकांकिका आणली. लेकाची नोकरी गेली आहे आणि ते त्यानं घरी सांगितलेलं नाही. संवाद बेताचेच होते. पण मध्येच एक कंस: लेक दुपारी घरी झोपलेला असताना वडील येतात, त्याच्या डोक्यावरचा पंखा एकानं वाढवतात आणि पुन्हा बाहेर जाऊन बसतात. मी त्याला विचारलं, वडिलांना कळलंय ना? तो म्हणाला, “तुम्हाला कसं कळलं? मी तर कुठंच लिहिलं नाय.”

नाटक घ्यायचं ठरलं. आता वाद एवढाच चालू आहे की स्टेजवर पंखा लावायचा कसा. सुतार म्हणतो वरून दोरीनं सोडू. दिग्दर्शक म्हणतो नुसता रेग्युलेटर दाखवा आणि खटक्याचा आवाज द्या. मुलगा म्हणतो, पंखा पाहिजेच, आणि तो आधी कुईकुई वाजला पाहिजे. मी मुलाच्या बाजूचा आहे, पण दोरी तपासून घ्या असं सुताराला सांगितलंय.